'मानव' महंमद : मराठी चिकित्सेतील प्रामाणिकपणाचा प्रश्न

प्रस्तावना

खानदेशातील कोणत्याही महाविद्यालयात मध्ययुगीन भारताचा इतिहास शिकविताना पहिल्या काही तासिकांतच अध्यापकाला अरबस्तानाकडे वळावे लागते. या प्रदेशावर सुमारे सव्वादोनशे वर्षे राज्य करणारे फारुकी सुलतान आपली वंशावळ दुसरे खलिफा उमर फारुक यांच्यापर्यंत नेत असत. धुळे जिल्ह्यातील थाळनेर येथे त्यांच्या कबरी आजही उभ्या आहेत. तेव्हा खानदेशाचा इतिहास सांगावयाचा तर उमर कोण हे सांगावे लागते आणि उमर कोण हे सांगावयाचे तर महंमद पैगंबरांविषयी बोलणे ओघानेच येते. जळगाव शहरात समाविष्ट झालेल्या पिंप्राळ्यातून आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो. त्याच परिसरात मुस्लिम वस्तीही आहे. दोन्हीकडची मुले वर्गात एकाच बाकावर बसतात. अशा वर्गात फळ्यावर 'इस्लामचे संस्थापक' हे दोन शब्द लिहिताच अडचणीला आरंभ होतो. श्रद्धावान मुसलमानाच्या दृष्टीने महंमद हे संस्थापक नव्हेतच. इब्राहीम, मूसा, ईसा यांच्या परंपरेतील ते अखेरचे प्रेषित होत. इतिहासाचा अभ्यासक मात्र सातव्या शतकात मक्का आणि मदिना येथे घडलेल्या एका चळवळीचा प्रवर्तक म्हणूनच त्यांच्याकडे पाहू शकतो.

या पेचातून सुटण्याचा रूढ मार्ग सर्वांच्या परिचयाचा आहे. इ.स. ५७० च्या सुमारास जन्म, ६२२ मध्ये हिजरत, ६३२ मध्ये मृत्यू, समतेची शिकवण, एकेश्वरवाद, एवढे लिहून द्यावयाचे आणि पुढील प्रकरणाकडे वळावयाचे. वर्गात शांतता राहते. पण ही शांतता प्रामाणिक आहे काय? जे वर्गात बोलले जात नाही ते वर्गाबाहेर, बहुधा अर्धवट माहितीवर आणि पुष्कळदा द्वेषाने बोलले जाते. उलट दिशेने, वर्गातील चर्चेला वर्गाबाहेर काय किंमत मोजावी लागेल ही धास्तीही खोटी म्हणता येत नाही. महाराष्ट्रात या प्रश्नाला जवळपास पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातील काही महत्त्वाची पाने अमळनेर, धुळे व जळगाव येथे लिहिली गेली आहेत. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचा मागोवा घेतला आहे.

मूळ चरित्रकारांची साक्ष

पैगंबरांच्या चरित्राची चिकित्सा ही युरोपीय पंडितांनी बाहेरून आणलेली गोष्ट आहे असा एक समज दोन्ही बाजूंना आढळतो. तो टिकणारा नाही. उपलब्ध चरित्रांपैकी सर्वांत जुने चरित्र इब्न इसहाक (मृत्यू इ.स. ७६७ च्या सुमारास) यांचे. ते मूळ स्वरूपात आज मिळत नाही, इब्न हिशाम (मृत्यू इ.स. ८३३ च्या सुमारास) यांनी संपादित केलेल्या स्वरूपात ते मुख्यत्वे आपल्यापर्यंत पोहोचले आहे. या संपादकाने आपण काय गाळले हे प्रारंभीच नमूद करून ठेवले. ज्या गोष्टींचा पैगंबरांशी संबंध नाही, ज्यांची चर्चा करणे अशोभनीय आहे किंवा ज्या काही लोकांना क्लेशदायक होतील, त्या आपण वगळल्या आहेत, असे त्यांनी स्वच्छपणे सांगितले. कात्री चालविणारे संपादक सर्व काळी आढळतात. कात्री कोठे चालविली हे सांगणारे मात्र विरळा, आणि नवव्या शतकातील हा संपादक त्या विरळ्यांपैकी एक होता.

त्यांच्यानंतर सुमारे एक शतकाने तबरी (मृत्यू इ.स. ९२३) यांनी आपला प्रचंड इतिहासग्रंथ लिहिला. वाचकाला त्यातील एखादी हकीकत अग्राह्य वाटली तर ती आपली नसून सांगणाऱ्यांची आहे. आपल्यापर्यंत जसे आले तसे आपण पुढे पोहोचविले, अशी भूमिका त्यांनी प्रस्तावनेत घेतली. इब्न हिशाम यांनी न दिलेल्या काही हकीकती तबरींनी इब्न इसहाक यांच्याच आधारे नोंदविल्या. कुराणातील 'अन्-नज्म' या त्रेपन्नाव्या सूरेच्या संदर्भात, मक्केतील तीन देवतांना मान्यता देणारी वाक्ये क्षणभर पैगंबरांच्या मुखातून गेली आणि नंतर ती रद्द झाली, ही हकीकत त्यांपैकीच एक. पुढील काळातील बहुसंख्य उलेमांनी ती बनावट ठरविली. शहाब अहमद या पाकिस्तानी वंशाच्या अभ्यासकाचा या विषयावरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन शतकांतील मुस्लिम विद्वानांना ही हकीकत सर्वसाधारणपणे मान्य होती, असे त्यांनी त्यात कथनांच्या साखळ्या तपासून दाखविले. हकीकत खरी की खोटी हा प्रश्न येथे गौण आहे. एकेकाळी मुस्लिम विद्वत्तेला जी चर्चा झेपत होती ती नंतर झेपेनाशी का झाली, हा इतिहासाचा प्रश्न आहे.

मुंबई : १८५१ आणि १८७४

महाराष्ट्रात या प्रश्नाचा पहिला स्फोट झाला तो मुंबईत, आणि तोही हिंदू-मुसलमानांमध्ये नव्हे. १८५१ च्या ऑक्टोबरात 'चित्र ज्ञान दर्पण' या पारशी संपादकाच्या गुजराती नियतकालिकाने पैगंबरांचे अल्पचरित्र त्यांच्या चित्रासह छापले. शिळाछापाचा तो काळ होता. सचित्र माहिती देणाऱ्या पत्रांना मागणी होती आणि थोर पुरुषांच्या चरित्रमालेत हेही एक चरित्र आले असावे इतके ते सहज होते. मुस्लिम वस्तीत संतापाची लाट उसळली आणि पारशी लोकांवर हल्ले झाले.

त्यानंतर तेवीस वर्षांनी तीच गोष्ट अधिक उग्र स्वरूपात घडली. रुस्तमजी होरमसजी जालभॉय यांनी प्रसिद्ध प्रेषित व समाज यांच्यावरील गुजराती पुस्तकात पैगंबरांचे चरित्र दिले. त्यासाठी त्यांनी वॉशिंग्टन आयर्व्हिंग या अमेरिकन लेखकाच्या चरित्राचा आधार घेतला होता. फेब्रुवारी १८७४ मध्ये मुंबईत पुन्हा दंगल झाली, पारशी घरांवर व प्रार्थनास्थळांवर हल्ले झाले, माणसे मेली.

या प्रसंगातील ध्यानात घेण्याजोगी बाब अशी की, आयर्व्हिंग हे त्या काळच्या मानाने पैगंबरांविषयी बरेच समतोल लिहिणारे लेखक होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोप-अमेरिकेत महंमदांना सरळसरळ भोंदू म्हणण्याची प्रथा मागे पडू लागली होती. १८४० मध्ये लंडनच्या व्याख्यानात टॉमस कार्लाइल यांनी त्यांना प्रामाणिक वीरपुरुष म्हणून गौरविले होते. आयर्व्हिंग त्याच वातावरणातले. असे असताना इंग्रजीत ज्या मजकुराने कोणाचे फारसे बिघडले नव्हते, तोच गुजरातीत उतरताच मुंबईचे रस्ते पेटले. भाषांतरित मजकूर नव्या वाचकापर्यंत पोहोचतो आणि त्या वाचकाशी लेखकाचे नाते काय, त्याच्याशी शेजारपण काय, हे मूळ लेखकाला ठाऊक नसते. जालभॉय यांनी हेतुपुरस्सर निंदा केली असे म्हणण्यास आधार नाही. पण ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्यापैकी कोणाला विचारून, त्यांची साधने पाहून लिहिले असेही दिसत नाही. परक्याने परक्याविषयी तिसऱ्याच्या पुस्तकावरून लिहिले. मराठीत पैगंबरांविषयी नंतर जे पुष्कळसे लिहिले गेले त्यालाही हे वर्णन लागू पडते. हिंसेचे समर्थन यातून निघत नाही, हे सांगण्याची आवश्यकता भासू नये, पण भासते.

याच काळात उत्तर हिंदुस्थानात एक निराळा वाद चालू होता. सर विल्यम म्यूर या सनदी अधिकाऱ्याने १८५८ ते १८६१ या काळात चार खंडांत पैगंबरांचे चरित्र प्रसिद्ध केले. अरबी साधनांचा त्यांनी कसून अभ्यास केला होता. त्यामागे मिशनरी हेतूही होता आणि त्याने निष्कर्षांना रंग चढविला होता. सर सय्यद अहमद खान यांनी त्या ग्रंथाविरुद्ध मोर्चा काढला नाही, तो जप्त करावा म्हणून अर्ज केला नाही. ते १८६९ मध्ये लंडनला गेले, तेथील ग्रंथालयांत बसले, पैशांची ओढाताण सोसली आणि १८७० मध्ये उत्तरादाखल निबंध प्रसिद्ध केले. वाकिदीसारख्या कथनकारांवर विसंबून म्यूर यांनी दुबळे पुरावे सबळ मानले, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. सय्यद अहमद यांची स्वतःची मोजपट्टी सर्वत्र सारखी होती असे नाही. गैरसोयीच्या कथनांना ती अधिक कडक लागते. तथापि वाद साधनांच्या विश्वासार्हतेवर आला, ही मोठीच गोष्ट झाली.

जोतीराव फुले

मराठीत पैगंबरांविषयी मनापासून व स्वतंत्र बुद्धीने लिहिणारे पहिले मोठे लेखक जोतीराव फुले होत. १८४१ मध्ये जोतीरावांचे खंडित झालेले शिक्षण पुन्हा सुरू व्हावे म्हणून गोविंदरावांकडे आग्रह धरणाऱ्यांत शेजारचे गफार बेग मुन्शी होते, हे चरित्रकारांनी नोंदविले आहे. त्यांच्या अखंडांमध्ये महंमदांवर स्वतंत्र रचना आहे. तिच्या शीर्षकातच त्यांनी 'मानव' हे विशेषण वापरले आहे. उच्चनीच भेद मोडून माणसांना एका पंक्तीला आणणारा पुरुष म्हणून त्यांनी महंमदांचा गौरव केला.

हे विशेषण सहज आलेले नाही. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' या ग्रंथात कोणत्याही एका धर्मपुस्तकात आरंभापासून शेवटपर्यंत सर्वांना सारखे लागू पडेल असे सत्य नाही, कारण ती पुस्तके माणसांनी त्या त्या परिस्थितीत रचली, असा विचार आहे. त्यांना आदर्श वाटणाऱ्या कुटुंबात निरनिराळ्या व्यक्तींनी आपापल्या विवेकाने बौद्ध, ख्रिस्ती, मुसलमान किंवा सत्यधर्मी व्हावे आणि कोणी कोणाचा द्वेष करू नये. म्हणजे एकीकडे महंमदांचा मनःपूर्वक गौरव आणि दुसरीकडे कोणताही ग्रंथ ईश्वरप्रणीत नाही ही भूमिका, अशा दोन्ही गोष्टी एकाच लेखकात सुखाने नांदतात. यातील दुसरी गोष्ट श्रद्धावान मुसलमानाला पटणारी नाही. फुल्यांनी तिच्यावर पांघरूणही घातले नाही. मात्र ती कुराणापुरती न ठेवता वेदांना, बायबलला, सर्वांना सारखीच लावली. एकच माप सर्वांना लावण्याचा हा दंडक पुढे फार थोड्यांनी पाळला.

फुल्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यांचे महंमद हे पुष्कळ अंशी ब्राह्मणी वर्चस्वाविरुद्ध उभे केलेले प्रतीक आहेत. अरबी टोळ्या, मदिनेचे राजकारण, युद्धे यांच्यात त्यांना रस नव्हता. चरित्राच्या तपशिलापेक्षा त्या चरित्राचा इथे होणारा उपयोग त्यांना हवा होता.

धुळ्याचा तुरुंग आणि अमळनेर

१९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे गीतेवर प्रवचने देत होते आणि साने गुरुजी ती लिहून घेत होते, हा प्रसंग महाराष्ट्राला पाठ आहे. याच दोघांनी पुढे इस्लामवरही लेखन केले, ही गोष्ट तितकीशी आठवली जात नाही.

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. तत्पूर्वी तेथील तत्त्वज्ञान मंदिरात काही काळ अभ्यासक होते. 'इस्लामी संस्कृती' या त्यांच्या पुस्तकात पैगंबरांचे चरित्र आहे. मराठी घरांतील मुलांना अरबस्तानातील हा अनाथ मुलगा आपला वाटावा, अशी त्याची मांडणी आहे. गुरुजींचा पवित्रा चिकित्सकाचा नाही, चाहत्याचा आहे. हे त्यांच्या संपूर्ण वृत्तीशी सुसंगत होते. कारण टीका करावयाची तेव्हा त्यांनी ती स्वतःच्या घरात केली. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये त्यांनी प्राण पणाला लावून उपोषण केले. परक्याच्या घरी गेल्यावर तेथील चांगले पाहावे आणि केर काढावयाचा तो आपल्या घरातला, हा त्यांचा न्याय होता.

विनोबांनी कुराणाचा अभ्यास मुळातून केला. त्यासाठी ते अरबी शिकले. १९६२ मध्ये 'कुराण-सार' प्रसिद्ध झाले. सहा हजारांहून अधिक आयतींमधून हजाराहून थोड्या अधिक निवडून त्यांची विषयवार रचना त्यांनी केली. ग्रंथ हाती पडण्यापूर्वीच कराचीच्या 'डॉन' या वृत्तपत्राने त्यावर टीका केली आणि हिंदुस्थानातील मुस्लिम पत्रांनी विनोबांची बाजू घेतली. ज्याने भाषा शिकण्याचे कष्ट घेतले त्याच्या हेतूविषयी शंका घेणे शेजाऱ्याला जड गेले, असा याचा अर्थ लावता येईल. परंतु सार काढणे म्हणजे निवडणे, आणि निवडीत गाळणे आलेच. कालबद्ध आदेश, युद्धाचे प्रसंग, वारसाहक्काचे नियम यांना साररूप ग्रंथात स्थान असण्याचे कारण नव्हते. साधकाला ते चालते. इतिहासाच्या अध्यापकाला चालत नाही, कारण त्याला सातव्या शतकातील मदिना जशी होती तशी समजून घ्यावयाची असते.

खानदेशाने घडविलेल्या या परंपरेचे ऋण मोठे आहे. तिने आदर दिला. तथापि आदराच्या या भाषेत कठीण प्रश्न विचारण्यास जागा राहिली नाही, आणि ती रिकामी जागा पुढे द्वेषाच्या भाषेने व्यापली.

कायद्याची रेषा

लाहोर येथे १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रंगीला रसूल' या पुस्तिकेचे प्रकरण सर्वश्रुत आहे. पैगंबरांच्या वैवाहिक जीवनावरील ती निंदात्मक पुस्तिका होती. प्रकाशक राजपाल यांची १९२७ मध्ये उच्च न्यायालयाने मुक्तता केली, कारण तत्कालीन कायद्यात मृत धर्मपुरुषाच्या निंदेला बसेल असे कलम नव्हते. त्यावर्षीच दंड संहितेत कलम २९५-अ घालण्यात आले. १९२९ च्या एप्रिलमध्ये राजपाल यांचा खून झाला.

या कलमावरील चर्चेत मध्यवर्ती कायदेमंडळात मुंबईचे प्रतिनिधी महंमद अली जिना यांनी एक इशारा दिला होता. ऐतिहासिक लेखन करणारे, सत्याचा शोध घेणारे आणि सद्हेतूने व प्रामाणिकपणे धर्माची चिकित्सा करणारे यांना संरक्षण मिळालेच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे राजपाल यांच्या मारेकऱ्याचे अपील लाहोरच्या उच्च न्यायालयात याच जिनांनी चालविले. ते वकील म्हणून उभे राहिले, हे खरे. तरीही दोन्ही घटना शेजारी ठेवल्या की त्या दशकाने किती वेगाने वळण घेतले ते दिसते.

कलमातील 'हेतुपुरस्सर व दुष्ट बुद्धीने' ही शब्दरचना त्या चर्चेचे फलित होय. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये रामजी लाल मोदी खटल्यात कलम वैध ठरविताना ते अपमानाच्या उग्र प्रकारापुरतेच आहे असा खुलासा केला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ मध्ये तीच तरतूद आली आहे. महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचा निर्णय मात्र मुंबई उच्च न्यायालयाचा. इस्लामवरील एका इंग्रजी पुस्तकावर राज्य शासनाने २००७ मध्ये घातलेली बंदी पूर्णपीठाने जानेवारी २०१० मध्ये कायम केली. तसे करताना न्यायालयाने स्पष्ट केले की, या देशात कोणत्याही धर्माची चिकित्सा करता येते, इस्लामही त्याला अपवाद नाही. प्रश्न आहे तो ती सद्हेतूने केली आहे की द्वेष पसरविण्यासाठी, हा. बंदी योग्य होती की नव्हती यावर मतभेद संभवतो. पुस्तकाला उत्तर पुस्तकाने द्यावे, हा सय्यद अहमद खानांचा मार्ग अधिक टिकाऊ ठरला असे इतिहास सांगतो. पण चिकित्सा आणि निंदा यांच्यातील फरक न्यायालयाने मानला, त्याचा उल्लेख विद्यापीठीय चर्चेत क्वचितच होतो.

हमीद दलवाई आणि १९७० चे जळगाव

२२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना झाली. फुल्यांच्या 'सत्यशोधक' शब्दाशी जोडलेले हे नाव हमीद दलवाई (१९३२–१९७७) यांनी विचारपूर्वक स्वीकारले होते. चिपळूणजवळच्या मिरजोळीत जन्मलेला, राष्ट्र सेवा दलात वाढलेला हा कथाकार. १८ एप्रिल १९६६ रोजी तोंडी तलाक व बहुपत्नीत्व यांच्याविरुद्ध सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेऊन त्यांनी खळबळ उडविली होती.

दलवाईंची भूमिका तोंडी तलाकाच्या प्रश्नापुरती मर्यादित नव्हती. मुस्लिम समाजाने आपल्या इतिहासाकडे, त्यातील आद्य काळाकडेही, मानवी इतिहास म्हणून पाहिल्याखेरीज आधुनिकतेची वाट मोकळी होणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. फुल्यांनी बाहेरून वापरलेले 'मानव' हे विशेषण आता आतून उच्चारले गेले. त्याची किंमतही त्यांनी मोजली. बहिष्कार, सभा उधळणे, मारहाणीच्या धमक्या त्यांच्या वाट्याला आल्या. मृत्यूनंतर कोणताही धार्मिक विधी न करता आपले दहन व्हावे या त्यांच्या इच्छेप्रमाणे मुंबईत चंदनवाडी येथे अंत्यसंस्कार झाले.

मंडळाच्या स्थापनेनंतर अवघ्या ४७ दिवसांनी, ८ मे १९७० रोजी, जळगाव पेटले. आदल्या दिवशी भिवंडीत दंगल झाली होती. जळगावातील मृतांमध्ये जवळजवळ सर्व मुसलमान होते. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने भिवंडी, जळगाव व महाड येथील घटनांची सविस्तर चौकशी केली. या दोन तारखा एकमेकींचे कारण नाहीत. तरीही त्या एकत्र वाचल्याशिवाय दलवाईंना मिळालेल्या प्रतिसादाचा अर्थ लागत नाही. ज्या वस्तीतील घरे नुकतीच जळाली आहेत, तेथे पैगंबरांच्या चरित्राची चिकित्सा करा असे सांगणारा माणूस, त्याचे म्हणणे कितीही खरे असो, शत्रूच्या गोटातला वाटणे अशक्य नव्हते. सोलापूरचे फक्रुद्दीन बेन्नूर यांच्यासारख्या मुस्लिम विचारवंतांनी पुढे दलवाईंवर जो आक्षेप घेतला तोही या जातीचा. मुसलमानांचे दारिद्र्य, त्यांच्यातील जातिरचना, असुरक्षितता बाजूला ठेवून केवळ धर्मचिकित्सेवर भर दिल्याने दलवाईंचे शब्द हिंदुत्ववाद्यांच्या हाती आयतेच पडले, असे त्यांचे म्हणणे होते.

आक्षेपात तथ्य आहे, पण तो अपुरा आहे. आपले शब्द कोण वापरील या भीतीने सत्य सांगावयाचे थांबविले तर ते सांगण्याचा मुहूर्त कधीच येणार नाही. शिवाय दलवाईंनी हिंदू जातीयवादालाही सोडले नव्हते. त्यांच्या लेखनातील तेवढा भाग त्यांचे हिंदू चाहते सोयीस्करपणे वाचत नाहीत, हा दोष दलवाईंचा नव्हे. दुसऱ्याच्या घरातील बंडखोराचे कौतुक करणे नेहमीच स्वस्त असते.

जळगावपुरता या वादाचा पुढचा टप्पा १९८२ चा. शहरातील मुस्लिम स्त्रियांनी चित्रपटगृहात जाऊ नये असा फतवा स्थानिक जमातीच्या पुढाऱ्यांनी काढला. चोपड्याच्या रझिया पटेल या तरुण कार्यकर्तीने त्याविरुद्ध लढा दिला; 'चाहूल' हे त्यांचे आत्मकथन मराठीत आहे. वरवर पाहता हा पैगंबरांच्या चरित्राचा प्रश्न नव्हे. पण अशा प्रत्येक बंदीचे समर्थन अखेर त्या चरित्राच्या हवाल्याने होते आणि तिचा प्रतिवादही तेथूनच करावा लागतो. पैगंबरांच्या पहिल्या पत्नी खदीजा या स्वतः व्यापार करीत. आयेशा यांच्याकडून पुढील पिढ्यांनी असंख्य हदीस घेतले. चरित्र खुले असेल तर मुलीलाही त्यातून प्रश्न विचारता येतात. ते बंद पेटीत ठेवले तर पेटीची किल्ली कोणाच्या हाती, एवढाच प्रश्न उरतो.

कठीण प्रसंगांचे अध्यापन

एक कठीण उदाहरण येथे अपरिहार्य आहे. खंदकाच्या लढाईनंतर, इ.स. ६२७ मध्ये, मदिनेतील बनू कुरैझा या ज्यू टोळीतील पुरुषांना देहदंड दिला गेला आणि स्त्रिया-मुलांना गुलाम करण्यात आले, अशी हकीकत इब्न इसहाक देतात. मृतांचा आकडा ते ६०० ते ९०० असा सांगतात. म्यूर यांनी ही घटना क्रौर्याचा पुरावा म्हणून मांडली. मुस्लिम चरित्रकारांपैकी काहींनी ती युद्धकाळातील विश्वासघाताची शिक्षा म्हणून समर्थिली. १९७६ मध्ये डब्ल्यू. एन. अराफत यांनी आणि १९७९ मध्ये भारतीय अभ्यासक बरकत अहमद यांनी, घटनेच्या शतकाहून अधिक काळानंतर लिहिलेल्या या तपशिलावरच शंका घेतली. अन्य अभ्यासकांना त्यांचा युक्तिवाद पुरेसा वाटलेला नाही.

अध्यापकाने यापैकी काय सांगावे? सगळेच, आणि त्याच क्रमाने. घटना कोणी नोंदविली, किती वर्षांनी नोंदविली, त्या काळच्या अरबी टोळीयुद्धाचे नियम काय होते, आजच्या नीतीने तिच्याकडे कसे पाहिले जाते आणि 'त्या काळी तसेच होते' हे उत्तर कोणत्या मर्यादेपर्यंत पुरेसे आहे. शेवटच्या मुद्द्यावर श्रद्धावान विद्यार्थी अडेल, कारण ज्यांचे वर्तन सर्वकाळ अनुकरणीय मानले त्यांच्याबाबत काळाची सबब त्यालाही पूर्णपणे पटत नाही. ही त्याची खरी अडचण आहे. तिची टवाळी करणे म्हणजे शिकविणे नव्हे. त्याच वर्गात मनुस्मृतीतील दंडविधान किंवा पेशवाईतील अस्पृश्यांची स्थिती शिकविताना अध्यापकाने हात आखडता घेतला, तर कुरैझांवरील त्याचे व्याख्यान कितीही साधार असले तरी शेजारच्या बाकावरील मुलाला ते अप्रामाणिकच वाटेल, आणि ते वाटणे रास्त असेल.

साधनांविषयीच्या अतिरेकी संशयालाही आता मर्यादा पडली आहे. १९७७ मध्ये पॅट्रिशिया क्रोन व मायकेल कुक यांनी मुस्लिम साधने बाजूला सारून इस्लामचा उगम नव्याने मांडण्याचा प्रयत्न केला. त्यातील बरेचसे निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. बर्मिंगहॅम विद्यापीठातील कुराणाच्या हस्तलिखित पानांची किरणोत्सर्गी कार्बन तपासणी २०१५ मध्ये जाहीर झाली तेव्हा चर्मपत्राचा काळ इ.स. ५६८ ते ६४५ यांच्या दरम्यानचा निघाला. चर्मपत्राचा काळ म्हणजे लेखनाचा काळ नव्हे, हे खरे. तथापि कुराण दीडदोनशे वर्षांनंतर रचले गेले हा तर्क त्याने आणखी दुबळा झाला. चिकित्सेमुळे श्रद्धेचे केवळ नुकसानच होते असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण पाहावे; आणि चिकित्सा म्हणजे नेहमी खोडून काढणेच, असे समजणाऱ्यांनीही.

मराठीत या साऱ्या संशोधनापैकी किती आले आहे? इब्न हिशामच्या चरित्राचे किंवा तबरीच्या संबंधित खंडांचे संपूर्ण, टीपांसह मराठी भाषांतर पदवीच्या विद्यार्थ्याच्या हाती देता येईल अशा स्वरूपात अभ्यासक्रमात नाही. फारसी साधनांसाठी सेतुमाधवराव पगडी यांनी एकट्याने जे केले ते अरबी चरित्रसाधनांसाठी व्हावयाचे आहे. तोवर जळगावातील अध्यापक इंग्रजी सारांशावरून आणि विद्यार्थी भ्रमणध्वनीवर आलेल्या मजकुरावरून बोलत राहतील. म्हणजे दोघेही, १८७४ च्या जालभॉय यांच्याप्रमाणे, तिसऱ्याच्या पुस्तकावरून.